पडद्यावरचे घर आणि जोत्यावरचे घर

घराचा आराखडा संगणकावर काढण्याचे जे शिक्षण सध्या मिळते, ते बहुतांशी कमांडांचे शिक्षण असते. रेषा कशी ओढावी, भिंत कशी उभी करावी, दार कोठून उचलून कोठे बसवावे, हे काही आठवड्यांत कोणालाही येते आणि ते यायलाच हवे. परंतु प्रत्यक्ष बांधकामात जे घोटाळे निघतात, त्यांचे मूळ कमांड न येण्यात क्वचितच सापडते. ते सापडते प्रणालीने न विचारता धरून चाललेल्या आकड्यांत. भिंत ओढली की तिला जाडी मिळते, मजला मांडला की त्याला उंची मिळते, खिडकीतून ऊन आत येते तेव्हा त्या उन्हालाही कोणत्या तरी गावाचा अक्षांश मिळालेला असतो, आणि यांपैकी एकही गोष्ट वापरणाऱ्याने सांगितलेली नसते. काही सांगितले नाही तर प्रणाली जे मूल्य स्वतःहून धरते त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. मराठीत त्याला आयते मूल्य म्हणता येईल. हे आयते मूल्य बहुधा जेथे प्रणाली घडली तेथील घराचे, तेथील हवेचे आणि तेथील माणसाच्या बसण्याउठण्याचे असते, म्हणून महाराष्ट्रात घराचा नकाशा काढणाऱ्याचे पहिले काम रेषा ओढणे हे नसून ही आयती मूल्ये एकेक करून तपासणे हे आहे.

कागदाच्या काळात ही अडचण नव्हती, कारण कागदावर आयते असे काहीच नव्हते. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात १८९६ मध्ये आरेखकांचे वर्ग सुरू झाले, तेथपासून शंभरएक वर्षे या प्रांतातील घरांचे नकाशे टी-स्क्वेअर, गुण्या, ट्रेसिंग कागद आणि शाईचे पेन यांनी निघत राहिले आणि अमोनिया प्रिंटच्या उग्र वासासकट साइटवर पोचत राहिले. शंभरास एक या प्रमाणात नऊ इंची भिंत काढायची तर दोन रेषांत २.३ मिलिमीटरांचे अंतर आरेखकाला स्वतः ठेवावे लागे, आणि ते ठेवताना भिंत नऊ इंची आहे हे त्याच्या हाताला ठाऊक असे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढण्याची प्रणाली सिद्ध केली आणि १९८२ च्या अखेरीस ‘ऑटोकॅड’ साध्या संगणकावर उपलब्ध झाले, तेव्हा हाताचे कष्ट गेले, खाडाखोड गेली, आणि त्यांच्याबरोबर ती सक्तीची जाणीवही गेली.

आज वापरात असलेल्या प्रणालींचे ढोबळमानाने तीन गट पडतात आणि कोणता गट काय जाणतो हे कळले की अपेक्षा ताळ्यावर राहतात. ऑटोकॅड किंवा मोफत मिळणारे लिबरकॅड यांना केवळ रेषा कळतात. दोन समांतर रेषांमध्ये भिंत आहे हे फक्त काढणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला माहीत असते. रेव्हिट आणि बुडापेस्टमध्ये जन्मलेले आर्चिकॅड यांना भिंत भिंत म्हणून कळते: तिची जाडी, उंची, थर आणि तिच्यातील दारे-खिडक्या यांची नोंद एका जागी राहते आणि प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की दर्शनी आकृतीत व छेदातही ती सरकते. या पद्धतीला ‘बिम’, म्हणजे इमारतीच्या माहितीचे प्रतिमान, असे म्हणतात. तिसरा गट घरमालकासाठी आहे. फ्रेंच प्रोग्रामकार इमॅन्युएल प्युबारे यांनी विकसित केलेले ‘स्वीट होम थ्रीडी’ मुक्त परवान्यावर मोफत मिळते आणि डावीकडील सूचीतून पलंग उचलून खोलीत टाकण्याइतके ते सोपे आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात २००० साली आलेले ‘स्केचअप’ या सर्वांच्या मधले आहे. त्यात पृष्ठ ओढून घनाकार करता येतो आणि विचार करण्यासाठी ते उत्तम आहे, परंतु मापाचा शेवटचा शब्द त्यावर सोपवू नये.

घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबाने तिसऱ्या गटातील प्रणाली हाताळावी आणि मंजुरीचे व बांधकामाचे नकाशे पहिल्या किंवा दुसऱ्या गटात काम करणाऱ्या वास्तुविशारदाकडे अथवा परवानाधारक अभियंत्याकडे सोपवावेत, ही वाटणी सर्वांत सोयीची ठरते. ऑटोकॅडच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री २०१६ मध्ये थांबून ते भाड्यावर मिळू लागल्यापासून तालुक्याच्या गावांत चोरीच्या प्रतींचा मोह होतो. परंतु साध्या घराच्या प्लॅनला जेवढे लागते तेवढे आज मुक्त प्रणालींत मिळते, त्यामुळे त्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही.

आयत्या मूल्यांत सर्वांत आधी तपासावे ते एकक. भारतात दशमान वजने-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी घराच्या बाबतीत मराठी माणूस एकाच वेळी पाच भाषांत मोजतो. जमीन सातबाऱ्यावर हेक्टर आणि आरमध्ये असते, बोलण्यात ती गुंठ्यांत येते, मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये असतो, गवंडी फूट-इंचांत काम करतो, आणि वाळू-खडीचा हिशोब ब्रासने होतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. दोन्ही एकच समजण्याची सवय सर्रास आढळते आणि दहा गुंठ्यांवर ती जवळजवळ पावणेबारा चौरस मीटरांची, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीची, चूक करते. ब्रास तर आकारमान मोजताना शंभर घनफूट आणि क्षेत्र मोजताना शंभर चौरस फूट असा दुहेरी आहे.

ऑटोकॅडमध्ये नवी फाइल उघडताना जे तयार साचे समोर येतात, त्यांतील एक इंच धरून चालतो आणि दुसरा मिलिमीटर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. इंचाच्या फाइलमध्ये मिलिमीटरचा पलंग आणून टाकला आणि आयातीचे एकक ठरवून दिलेले नसले, तर तो पंचवीसपट मोठा होऊन घरावर पसरतो. एवढी मोठी चूक लगेच दिसते म्हणून ती निरुपद्रवी आहे. घातक चूक लहान असते. दशांश फुटाच्या फाइलमध्ये साडेदहा फूट लिहिताना १०.६ असा आकडा टंकला जातो, कारण दहा फूट सहा इंच हे मनात त्याच रूपात असते. प्रणालीला मात्र ते दहा फूट सव्वासात इंचांच्या जवळपास वाटते. सव्वा इंचाचा हा फरक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि चार खोल्यांत मिळून तो पाच इंचांवर जातो, म्हणजे अर्धी वीट. यावर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे संपूर्ण नकाशा मिलिमीटरमध्ये काढावा, त्यात दशांशचिन्ह येऊच देऊ नये, आणि गवंड्यासाठीच्या प्रतीवर फूट-इंचांची मापे दुसऱ्या ओळीत द्यावीत. प्रणालीला दुहेरी मापे आपोआप लिहिता येतात. हाताने गुणाकार करण्याची गरज नसते.

याच्याशी निगडित दुसरी शिस्त अशी की नकाशा नेहमी पूर्ण आकारात काढायचा असतो. चार मीटरांची भिंत ४००० मिलिमीटर म्हणूनच ओढावी. शंभरास एक हे प्रमाण कागदावर छापताना येते, काढताना नाही. माप बदलायचे असेल तर भिंत हलवावी, मापाचा आकडा खोडून त्यावर दुसरा आकडा लिहू नये. रात्री उशिरा, घाईच्या वेळी, हा मोह अनुभवी आरेखकालाही होतो आणि त्यानंतर तो नकाशा खोटे बोलू लागतो: रेषा एक सांगते, आकडा दुसरे.

जुन्या घराची दुरुस्ती किंवा त्यावर मजला चढवणे हे काम असेल, तर संगणकाआधी टेप हातात घ्यावी लागते. खोलीच्या चार भिंती मोजून आयत काढला जातो, परंतु चार भुजांच्या मापांवरून खोली काटकोनात आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी कर्ण मोजावा लागतो. दहा बाय बारा फुटांची खोली गुण्यात असेल तर तिचे दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंच भरतात. एक सोळा फूट आणि दुसरा सव्वापंधरा भरला, तर पडद्यावरचा आयत ही कल्पना ठरते आणि त्या कल्पनेवर बेतलेले फर्निचर एका कोपऱ्यात अडते व दुसऱ्यात फट सोडते. पेठांतील वाड्यांत आणि गावठाणातील घरांत काटकोन हा अपवादच असतो, त्यामुळे प्रत्येक खोलीचा निदान एक कर्ण नोंदवल्याशिवाय नकाशाला हात घालू नये. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा स्कॅन करून पार्श्वभूमीला ठेवण्याची पद्धत चांगली आहे. मात्र झेरॉक्सच्या यंत्रात कागद एका दिशेने किंचित ताणला जातो, म्हणून प्रमाण जुळवताना आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ज्ञात लांबींवर ते पडताळावे. उपग्रहाधारित मोजणीतून आलेल्या फाइलमध्ये निर्देशांक फार मोठे असतात. पुण्याच्या परिसरात उत्तरेकडचा आकडा वीस लाख मीटरांच्या पुढे जातो. इतक्या दूर काढलेली आकृती काही त्रिमितीय प्रणालींत थरथरते आणि पृष्ठे नीट जुळत नाहीत. मूळ फाइल तशीच जपून, कामाची प्रत शून्य बिंदूजवळ आणून वापरणे इष्ट.

आता भिंत. स्वीट होम थ्रीडीमध्ये काही न सांगता ओढलेली भिंत साडेसात सेंटिमीटर जाड आणि अडीच मीटर उंच असते. साडेसात सेंटिमीटर म्हणजे तीन इंच. हे लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या पत्र्या-पाट्यांच्या हलक्या आडभिंतीचे माप आहे. मराठी मुलखातील विटेची आतली भिंत साडेचार इंची असते आणि बाहेरची नऊ इंची, म्हणजे अनुक्रमे ११५ आणि २३० मिलिमीटर. त्यावर आतून साधारण १२ आणि बाहेरून २० मिलिमीटर गिलावा चढतो, त्यामुळे राहत्या घरातील आतली भिंत प्रत्यक्षात १४ सेंटिमीटरांच्या आसपास आणि बाहेरची २६ सेंटिमीटरांच्या आसपास भरते. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत असेल तर १००, १५० किंवा २०० मिलिमीटर अधिक गिलावा असा हिशोब पडतो. घरात आतल्या भिंती एका रेषेत तीन येत असतील, तर साडेसात आणि चौदा यांतील फरकाने एकट्या त्या रेषेत वीस सेंटिमीटर जागा पडद्यावर फुकट मिळते आणि जोत्यावर ती सापडत नाही. कपाटाचे दार पलंगाला अडते ते येथे.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो: नकाशावरचे माप विटेपासून विटेपर्यंतचे की गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंतचे? गवंडी विटेचे माप धरतो, सुतार गिलाव्याचे. दहा फुटांची खोली विटेत काढली तर तिच्यात तयार जागा ९ फूट ११ इंच उरते, आणि दहा फुटांचे कपाट आधीच सांगून ठेवले असेल तर ते आत जात नाही. नकाशाच्या कोपऱ्यात ‘सर्व मापे विटकामाची’ किंवा ‘सर्व मापे तयार पृष्ठाची’ हे एक वाक्य लिहिले की हा वाद मिटतो. बांधकामाच्या प्रतीवर पहिले आणि फर्निचरच्या प्रतीवर दुसरे असावे. दारांचेही तसेच आहे. तीन फुटांचे दार म्हणजे भिंतीतील तीन फुटांचा गाळा. दोन्ही बाजूंची चौकट वजा जाता ये-जा करायला साधारण अडीच फूट राहते. प्रणालीच्या सूचीतले दार कधी गाळ्याचे माप दाखवते, कधी मोकळ्या वाटेचे, आणि ते त्या दाराच्या गुणधर्मांत उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. आजारी माणसाची चाकांची खुर्ची स्नानगृहात जाईल की नाही हे या काही इंचांवर ठरते, म्हणून तेवढा वेळ तेथे द्यावाच.

अडीच मीटरांची आयती उंची तर भारतात चालणारच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीसाठी किमान २.७५ मीटर सांगितली आहे आणि चालू रिवाज जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत दहा फुटांचा आहे. घरमालकाच्या प्रणाली छतातून खाली उतरणाऱ्या तुळया मुळात दाखवतच नाहीत. पडद्यावर सपाट दिसलेल्या छतातून प्रत्यक्षात फूट-सव्वा फूट खोल तुळई दिवाणखान्याच्या मधोमध उतरते आणि पंख्याची जागा, माळ्याची उंची, पडद्याचा दांडा सगळे पुन्हा ठरवावे लागते. त्यामुळे आरसीसी सल्लागाराचा आराखडा हाती आला की खांब आणि तुळया त्रिमितीय प्रतिमेत साध्या चौकोनी ठोकळ्यांनी का होईना मांडाव्यात. येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी: या प्रणाली घर दाखवतात, तोलत नाहीत. कोपऱ्यातला खांब काढून टाकला तरी पडद्यावरचे घर उभे राहते. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला, तेथे खांबाला हात लावण्याचा अधिकार नकाशा रंगवणाऱ्याला नाही.

यानंतर ऊन. सावल्या दाखवणारी सोय ही या प्रणालींची सर्वांत मोहक आणि सर्वांत उपयोगी बाजू आहे, कारण खिडकीतून पौषात किती ऊन येईल आणि वैशाखात किती, हे पूर्वी अनुभवी माणसाच्या अंदाजावरच सोडावे लागे. परंतु गाव सांगितले नाही तर स्केचअप आपले जन्मगाव, कोलोराडोतील बोल्डर, धरून चालते. बोल्डर चाळीस अंश उत्तरेला आहे आणि पुणे साडेअठरा अंशांवर. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात भर मध्यान्ही सूर्य पुण्यात क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, बोल्डरला अवघ्या २६–२७ अंशांवर. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर त्या मध्यान्ही पुण्यात त्याची सावली खिडकीवर सव्वादोन फूट उतरते आणि बोल्डरच्या उन्हात जेमतेम एक फूट. अर्थात गाव न बदलता पाहिलेली दुपार परक्या मुलखाची असते, आणि तिच्याकडे पाहून छज्जा वाढवला तर हिवाळ्यातले हवेहवेसे ऊन कायमचे अडते.

उन्हाळ्याची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती परदेशी पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात आणि पुण्यात तो मे महिन्याच्या मध्यावर व जुलैच्या अखेरीस येतो. या दोन दिवसांमधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही’ हे वाक्य चाळीस अंशांवर जवळपास खरे असले तरी येथे ते अर्धसत्य आहे, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही लहानसा छज्जा हवाच. तो पावसासाठी लागतो हे तर वेगळेच. पश्चिमेच्या खिडकीची दुपारी चारची आणि पाचची सावली स्वतंत्रपणे पाहावी, कारण तेव्हा सूर्य इतका कललेला असतो की छज्जा निरुपयोगी ठरतो आणि झाड, जाळी किंवा पडवी यांचाच आधार उरतो. नागपूर-अकोल्याकडे घर बांधणाऱ्यांनी या एका सावलीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवावा. वेळेचा विभाग भारताचा, म्हणजे साडेपाच तासांनी पुढे, असा निवडावा आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची असल्याने पुण्यातली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येते हेही लक्षात ठेवावे. उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घ्यायची असेल तर ती स्लॅबवर किंवा गाडीशेजारी उभे राहून घेऊ नये, लोखंडाने सुई फिरते; मोकळ्या जागेत दोन-तीन ठिकाणी घेऊन मोजणी नकाशाशी ताडावी. ज्या घरात वास्तुशास्त्राचा आग्रह असतो, तेथे तर सगळी चर्चाच या एका बाणावर चालते.

पावसाची सोय या प्रणालींत नाही. नैर्ऋत्येकडून तिरका येणारा कोकणातला पाऊस कोणत्या खिडकीतून आत शिरेल, हे सांगणारे बटण घरगुती प्रणालींत नाही, ते गावातल्या जुन्या घरांच्या पडव्या कोणत्या अंगाला आहेत ते पाहूनच ठरवावे लागते. खिडक्यांच्या आकाराबाबत मात्र आकड्यांचा आधार आहे: राष्ट्रीय इमारत संहिता दमट उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश आणि कोरड्या उष्ण हवेत एक दशांश एवढे उघडे क्षेत्र किमान मागते. दहा बाय बाराच्या खोलीला रत्नागिरीत वीस चौरस फूट, म्हणजे पाच बाय चारची खिडकी लागते. मराठवाड्यात चार बाय तीनची पुरते. दोन्हीकडे सूचीतली तीच खिडकी उचलून लावणे हा आळस आहे.

उन्हाइतकेच महत्त्व बसण्याला आहे. त्रिमितीय घरातून फिरताना प्रणाली एका काल्पनिक पाहुण्याच्या डोळ्यांनी घर दाखवते आणि तो पाहुणा आयताच उभा असतो; त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरांच्या वर असतात. मराठी घरात सतरंजीवर, पाटावर, झोपाळ्यावर किंवा उंबऱ्यात बसणारी माणसे अजून आहेत, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण पाऊण मीटरावर येतात. नव्वद सेंटिमीटरांवर सुरू होणारी खिडकी त्याला केवळ आकाश दाखवते, अंगण दाखवत नाही. पाहुण्याच्या डोळ्यांची उंची बदलून ७५ सेंटिमीटर करण्यास एक मिनिटही लागत नाही, आणि त्या एका बदलाने घरातील वृद्ध व्यक्तीची जागा कोठे असावी, कोणत्या खिडकीची पाळ खाली आणावी, कठड्यात जाळी हवी की भरीव भिंत, हे सगळे प्रश्न नव्याने दिसू लागतात. दुरुस्त करायला सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित असे आयते मूल्य कोणते, असे विचारले तर हेच सांगावे लागेल. याच प्रतिमांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: दृष्टिकोन रुंद केला की खोली मोठी भासते, त्यामुळे विक्रीसाठी काढलेल्या देखण्या चित्रावरून खोलीचा अंदाज बांधू नये; प्लॅनवर ओळखीचा पलंग मांडून त्याभोवती दोन फुटांची वाट उरते का, ते पाहावे.

स्वयंपाकघरात परकी सूची सर्वाधिक फसवते. तिच्यातील ओटे नव्वद सेंटिमीटरांच्या आसपास असतात आणि त्यांची शेगडी ओट्याच्या पृष्ठाशी समतल बसवलेली असते. आपल्याकडे कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर गॅसची शेगडी वेगळी ठेवली जाते, तिची उंची आणखी चार-पाच इंच, त्यावर कढई किंवा कुकर. म्हणून ओटा ८० ते ८५ सेंटिमीटरांतच ठेवावा लागतो, आणि कणीक मळणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची मोजून त्यातही फरक करावा लागतो. सूचीत भांडी धुण्याचे यंत्र आहे, परंतु मोरी नाही, कपडे वाळवण्याचे यंत्र आहे, परंतु धुण्याचा दगड आणि दांड्या नाहीत, १४.२ किलोचे सिलिंडर आणि त्याच्या जोडीचे भरलेले दुसरे कोठे उभे राहणार, हे तिला ठाऊक नाही. देवघर, धान्याच्या कोठ्या, पाण्याचा माठ, इन्व्हर्टरची बॅटरी, चपला-छत्र्यांची जागा यांचे साधे चौकोन स्वतः काढून, मोजून, नावे देऊन ब्लॉक म्हणून साठवून ठेवावेत. ब्लॉक म्हणजे अनेक रेषांची एकत्र बांधलेली आकृती, जी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि एकदा बदलली की सर्व ठिकाणी बदलते. अशी स्वतःची सूची वर्षभरात तयार होते आणि पुढे जन्मभर कामी येते.

मंजुरीच्या नकाशाचे शास्त्र निराळे आहे. मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाली आणि मोठ्या महापालिकांत नकाशाची प्राथमिक छाननी संगणक करू लागला. पुण्यातील एका कंपनीने घडवलेली ‘ऑटोडीसीआर’ ही त्यासाठीची प्रणाली बरीच प्रचारात आहे. अशी प्रणाली नकाशा माणसासारखा पाहत नाही, ती लेयर वाचते. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर: भिंती एकावर, दारे दुसऱ्यावर, मापे तिसऱ्यावर. प्लॉटची हद्द ठरवून दिलेल्या नावाच्या लेयरवर आणि बंद बहुभुजाकृतीने काढलेली नसेल, तर माणसाला स्वच्छ दिसणारी हद्द यंत्राला दिसतच नाही आणि प्रस्ताव परत येतो. बहुभुजाचा शेवटचा बिंदू पहिल्याला नुसता टेकवू नये, ‘क्लोज’ करावा. ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ ही रेषेचे टोक अचूक पकडणारी सोय सतत चालू ठेवावी. रंगांचे जुने संकेतही पाळावे लागतात: नवे बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरक्या रेषांत. हे संकेत कागदाच्या काळातले आहेत आणि त्यांची शिस्त आजही उपयोगी आहे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत प्रणालीचा आकडा आणि कायद्याचा आकडा जुळत नाही, यात प्रणालीची चूक नसते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार चटईक्षेत्रात बाहेरच्या भिंती, सज्जे आणि उघडी गच्ची धरत नाहीत, परंतु आतल्या भिंतींखालची जागा धरतात. घरगुती प्रणाली मात्र प्रत्येक खोलीचे भिंतीपासून भिंतीपर्यंतचे क्षेत्र दाखवते, म्हणून खोल्यांची बेरीज चटईक्षेत्रापेक्षा कमी भरते. आतल्या भिंतींची एकूण लांबी पंधरा मीटर आणि जाडी चौदा सेंटिमीटर असेल, तर हा फरक सुमारे २२ चौरस फुटांचा होतो. सदनिका घेणाऱ्याने स्वतः मोजून भांडायला जाण्याआधी बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने एकच बहुभुज काढून त्याचे क्षेत्र पाहावे.

जिन्याबद्दल थोडक्यात. दहा फुटांची उंची साडेसहा-पावणेसात इंचांच्या अठरा पायऱ्यांत जाते, आणि मध्ये वळणारा जिना काढला तर प्रत्येक बाजूला नऊ. प्रणाली आयता सरळ जिना देते, तो लहान घरात मावत नाही. मावला तरी वरच्या तुळईखाली डोके आपटणार नाही ना, हे प्लॅनमध्ये कळत नाही. तेथे छेद घेऊन पायरीच्या टोकापासून वर २.२ मीटर मोकळे आहेत का ते पाहावे. वरच्या मजल्याचा नकाशा काढताना खालच्याची फिकट प्रत खाली ठेवली की शौचालयावर देवघर येत नाही आणि सांडपाण्याचे नळ सरळ उतरतात.

मराठी अक्षरे हा अनेकांच्या डोकेदुखीचा विषय आहे. ऑटोकॅडच्या जुन्या रेषात्मक फॉन्टांत देवनागरी नाही, त्यामुळे ‘माजघर’ लिहिले की प्रश्नचिन्हे उमटतात. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत लिहिलेला नकाशा दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य अक्षरे दाखवतो. युनिकोड फॉन्ट वापरावा आणि बाहेर पाठवताना पीडीएफ सोबत द्यावी. छपाईच्या दुकानात ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडला गेला की प्रमाण मोडते. ए-वन कागदाचा नकाशा ए-थ्रीवर उतरवला तर सर्व लांबी निम्मी होते आणि शंभरास एकचे दोनशेस एक होते. नकाशावर रेघांची मोजपट्टी काढून ठेवावी, ती कागदाबरोबरच लहान-मोठी होते. छापून आल्यावर पाच मीटरांच्या मापावर पट्टी ठेवावी. शंभरास एक असेल तर ते बरोबर पाच सेंटिमीटर भरते. फाइलच्या नावात ‘फायनल’ लिहू नये, तारीख लिहावी, आणि साइटवर गेलेल्या प्रत्येक प्रतीवर ती तारीख दिसावी, कारण जुन्या प्रतीवरून चढलेली भिंत पाडण्याचा खर्च नवी प्रत छापण्याच्या खर्चाशी तुलना करण्यासारखाही नसतो.

आखणीच्या दिवशी जमिनीवर फक्की मारली जाते तेव्हा नकाशा प्रथम खऱ्या आकारात दिसतो. त्या दिवशी साइटवर द्यायच्या प्रतीत फर्निचर, झाडे, रंग काहीही नसावे. खांबांच्या मध्यरेषा, एका ठरलेल्या कोपऱ्यापासून मोजलेली सलग वाढती मापे आणि संपूर्ण घराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण एवढेच असावे. तुकड्या-तुकड्यांची मापे गवंडी बेरीज करत जातो आणि प्रत्येक बेरजेत टेप थोडी सरकते. सलग मापांत ही चूक साचत नाही. कर्ण प्रणालीत दोन बिंदूंवर टिचकी मारून मिळतो. दोरीने तो जमिनीवर ताणून पाहायला दहा मिनिटे लागतात.

घर पुरे झाल्यावर बहुतेक फाइली बंद होतात त्या कायमच्या, आणि तेथेच सर्वांत मोठे नुकसान होते. बांधताना खिडकी सहा इंच सरकलेली असते, एक खांब वाढलेला असतो, विजेची नळी ठरलेल्या वाटेने गेलेली नसते. गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे टेप धरून काढलेले छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून नळ्या, पाइप, तुळया जसे बांधले तसे फाइलमध्ये दुरुस्त करून ठेवावेत; वेगळा लेयर केला की मूळ आराखडाही शाबूत राहतो. त्या फाइलची एक पीडीएफ आणि एक डीएक्सएफ, म्हणजे बहुतेक सर्व प्रणालींना वाचता येणारी अदलाबदलीची प्रत, घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावी. वीस वर्षांनी वरचा मजला चढवताना किंवा गळणारा नळ शोधताना मुलांना भिंत कोठे फोडायची ते त्यातून कळेल.